माचू पिक्चू : डोंगरावरची ठेव

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात, अँडीज पर्वताच्या एका सोंडेवर, समुद्रसपाटीपासून २,४३० मीटर उंचीवर दगडी वास्तूंचे एक छोटे नगर उभे आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. त्यावरून या उंचीची कल्पना यावी. तीन बाजूंनी उरुबांबा नदीचा वळसा, नदीचे पात्र सुमारे साडेचारशे मीटर खाली, समोर वायना पिक्चूचा सुळका आणि पाठीशी माचू पिक्चूचे शिखर. स्थानिक केचुआ भाषेत ‘माचू’ म्हणजे वृद्ध आणि ‘वायना’ म्हणजे तरुण. या वृद्ध आणि तरुण शिखरांमधल्या खिंडीसारख्या जागेवर इंका लोकांनी साधारण पावणेसहाशे वर्षांपूर्वी जे उभारले, ते १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. २००७ साली जगभरच्या मतदानातून जी नवी सात आश्चर्ये निवडली गेली, त्यांत आपल्या ताजमहालाबरोबर माचू पिक्चूचेही नाव होते.

दिनदर्शिकांवरील छायाचित्रांमुळे हे स्थळ घरोघरी परिचित आहे. त्याचा इतिहास वाचू लागले की मात्र एक प्रश्न वारंवार समोर येतो : हे नगर नेमके कोणाचे? ते बांधवून घेणाऱ्या राजाचे, तेथे राबलेल्या हातांचे, त्याचा शोध लागल्याची वार्ता जगाला देणाऱ्या प्राध्यापकाचे, की तिकीट काढून दोन-तीन तासांसाठी येणाऱ्या प्रवाशाचे? पेढीवर कोणी ठेव ठेवली, तर ती सांभाळणाऱ्याची होत नाही, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्याच हिशेबी दृष्टीने माचू पिक्चूकडे पाहिले, तर त्याच्या इतिहासातील अनेक गोष्टी उलगडतात.

राजाची खासगी मिळकत

इंका ही मूळची कुस्को खोऱ्यातील एक लहान सत्ता होती. परंपरागत कालगणनेनुसार १४३८ च्या सुमारास शेजारच्या चांका लोकांनी कुस्कोवर चाल केली. वृद्ध राजाने नगर सोडले. त्याचा एक पुत्र मात्र मागे राहिला आणि त्याने शत्रूला परतवून लावले. राज्यावर येताना त्याने ‘पाचाकुती’ हे नाव धारण केले. जग उलथवून नव्याने घडवणारा, असा त्या नावाचा आशय. पुढे त्याच्या, त्याच्या पुत्राच्या आणि नातवाच्या काळात हे राज्य आजच्या दक्षिण कोलंबियापासून मध्य चिलीपर्यंत, सुमारे चार हजार किलोमीटर पसरले. त्याला ते ‘तावांतिनसुयू’ म्हणत. चार दिशांच्या प्रदेशांचे एकत्र राज्य असा त्याचा अर्थ. या राज्याला बांधून ठेवणारे रस्त्यांचे जाळे तीस हजार किलोमीटरहून अधिक होते. वाहने नव्हती, धावते जासूद आणि ओझे वाहणारे लामा यांच्यासाठी ते रस्ते होते.

इंका राजघराण्यात वारशाचा एक आगळा नियम होता. नव्या राजाला गादी मिळे. दिवंगत राजाची संपत्ती मात्र मिळत नसे. त्याच्या जमिनी, वाडे आणि सेवक हे सारे त्याच्या इतर वंशजांच्या मंडळाकडे राही. या मंडळाला ‘पानाका’ म्हणत. राजाचा देह ममी करून जतन केला जाई आणि त्या मिळकतीच्या उत्पन्नातून त्याची सेवा अखंड चाले. म्हणजे राजा मृत्यूनंतरही आपल्या मिळकतीचा धनी राही आणि वंशज तिचे विश्वस्त. त्यामुळे गादीवर येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची मिळकत नव्याने उभी करावी लागे.

माचू पिक्चू ही पाचाकुतीची अशीच एक मिळकत होती, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. पूर्वी त्याला कोणी किल्ला म्हणे, कोणी देवनगरी. १५६८ सालच्या एका स्पॅनिश दस्तऐवजात या परिसरातील जमिनी पाचाकुतीच्या असल्याचा उल्लेख सापडला आणि चित्र पालटले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येथील मानवी अवशेषांचे कालमापन करण्यात आले. त्यावरून या नगराचा वापर साधारण १४२० पासून १५३० पर्यंत झाला असावा, असे दिसते. म्हणजे अवघे शंभर-एकशेदहा वर्षांचे आयुष्य. गर्दीच्या काळातही येथे सुमारे साडेसातशे माणसेच राहत असावीत. कुस्कोच्या थंडीतून राजा आपल्या परिवारासह थोडे दिवस येथे येई; उरलेल्या काळात सेवक आणि कारागीरच वस्ती सांभाळत.

नाणे नाही, लेखणी नाही

व्यापारात आयुष्य घालवलेल्या माणसाला इंका राज्यातील सर्वांत थक्क करणारी बाब दगडकामाची वाटणार नाही. ती हिशेबाची वाटेल. या विशाल राज्यात नाणे नव्हते. आपल्याला परिचित अशी लिपी नव्हती. लोखंड नव्हते, बैल-घोडे नव्हते आणि ओझे वाहण्यासाठी चाकाचा वापर नव्हता. तरीही रस्ते, कोठारे, कालवे आणि नगरे उभी राहिली. कारण कराची वसुली श्रमाच्या रूपात होई. प्रत्येक कुटुंबाने पाळीपाळीने ठरावीक काळ राज्यासाठी राबावे. त्या काळातील त्यांच्या अन्नवस्त्राची तजवीज राज्याने करावी. या पद्धतीला ‘मिता’ म्हणत.

या देण्याघेण्याची नोंद दोऱ्यांच्या गाठींत होत असे. त्या साधनाचे नाव ‘खिपू’. एका जाड आडव्या दोरीला अनेक लोंबत्या दोऱ्या आणि त्यांवर ठरावीक अंतरांवर मारलेल्या गाठी. टोकाकडच्या गाठी एककाच्या, वरच्या दशकाच्या, त्याहून वरच्या शतकाच्या. जेथे शून्य, तेथे जागा मोकळी. अंक वाचण्याची ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभी लेलंड लॉक या अमेरिकी अभ्यासकाने उलगडून दाखवली. काही दोऱ्यांवर इतर दोऱ्यांची बेरीजही मांडलेली आढळते. कोणत्या प्रांतात किती माणसे, कोठारात मका किती, कापड किती, हे सारे ‘खिपूकामायोक’ नावाचे अधिकारी या गाठींवरून सांगत. आपल्याकडील मुनीम वहीतल्या नोंदीवर बोट ठेवून शिल्लक सांगतो, त्याच विश्वासाने.

माचू पिक्चूला राबलेली माणसे कोण होती, याचे उत्तर अलीकडेच मिळाले. १९१२ साली उत्खननात सापडलेल्या हाडांवरून त्या काळी असे अनुमान काढले गेले की, येथे प्रामुख्याने स्त्रियाच होत्या. त्यातून ‘सूर्यकन्यां’ची एक मोहक कथा रूढ झाली. पुढे नव्या तपासणीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण बरेचसे सारखे असल्याचे दिसून आले आणि ती कथा मागे पडली. २०२३ साली चौतीस व्यक्तींच्या अवशेषांचे जनुकीय परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात ही माणसे साम्राज्याच्या दूरदूरच्या भागांतून, थेट अॅमेझॉनच्या अरण्यातूनही आलेली असल्याचे आढळले. येथील दफनभूमींत राजे नाहीत. राजाच्या मिळकतीसाठी आपापला मुलूख सोडून आलेले सेवक आहेत. नगराच्या हिशेबात त्यांचे खाते कोणी लिहून ठेवले नव्हते. ते त्यांच्या हाडांनी लिहिले.

जमिनीखाली गेलेला खर्च

माचू पिक्चूला गेलेला प्रवासी भिंती पाहतो. चुना-मातीचा वापर न करता एकमेकांत बसवलेले शुभ्र ग्रॅनाइटचे दगड, खाली रुंद व वर अरुंद असलेल्या खिडक्या, किंचित आत झुकलेल्या भिंती. भूकंपप्रवण प्रदेशात या झुकण्याचा उपयोग होतो. कठीण दगडाच्या हातोड्यांनी ठोकून ठोकून, पुन्हा पुन्हा बसवून पाहून हे सांधे जुळवले गेले. अर्धवर्तुळाकार सूर्यमंदिराच्या एका खिडकीतून जून महिन्यातील अयनदिनी उगवत्या सूर्याचा किरण आतील खडकावर पडतो. हे सारे डोळ्यांना दिसते.

या वास्तूला टिकवून धरणारी गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. या डोंगरावर वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ मुंबईइतका. उतार इतका तीव्र की, पाणी मुरायला किंवा वाहायला नीट वाट मिळाली नाही तर सारे नगर एखाद्या पावसाळ्यात नदीत जावे. केनेथ राइट या अमेरिकी जल-अभियंत्याने पेरूचे पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेडो बालेन्सिया यांच्या साहाय्याने १९९० च्या दशकात येथील पाण्याच्या व्यवस्थेचा सविस्तर अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की, या नगराच्या बांधकामातील सुमारे साठ टक्के मेहनत जमिनीखाली आहे.

उतारावरील पायऱ्यांच्या शेतांचेच उदाहरण पाहावे. वरून ती केवळ हिरवी पायरी दिसते. आत तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळूमिश्रित थर आणि सर्वांत वर सुपीक माती अशी रचना आहे. पावसाचे पाणी थरांतून झिरपत सावकाश खाली जाते. मातीही वाहत नाही आणि भिंतीवर दाबही येत नाही. मधल्या विस्तृत चौकाखाली दगड घडवताना निघालेल्या कपच्यांचा जाड थर आहे. टाकाऊ माल तेथे निचऱ्याच्या कामी लावला गेला. भिंतींमध्ये शंभराहून अधिक निचऱ्याची भोके ठेवलेली आहेत.

पिण्याच्या पाण्याचा विचारही तितकाच काटेकोर होता. डोंगरावरील झऱ्याचे पाणी ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने गावात आणले आणि एकाखाली एक अशा सोळा धारांमधून खेळवले. पहिली धार राजाच्या निवासालगत. राजाने वापरल्यानंतर तेच पाणी पायरीपायरीने खाली जाई.

मुळात ही जागाच का निवडली, याविषयी ब्राझीलमधील भूगर्भशास्त्रज्ञ रुआल्दो मेनेगात यांनी २०१९ साली एक लक्षवेधी मांडणी केली. हे नगर जमिनीतील भेगांच्या छेदनबिंदूवर वसले आहे. वरवर पाहता हा धोका. परंतु त्याच भेगांमुळे खडक आधीच तडकलेला होता, म्हणून लोखंडाशिवाय दगड काढता आले. त्याच भेगांतून पावसाचे पाणी निचरून जाण्यासही मदत झाली. जागेचा दोष जाणून घेऊन त्याचाच लाभ करून घेणे, याला उत्तम व्यवहार म्हणावे लागेल.

नगर ओस का पडले?

१५२० च्या दशकात युरोपातून आलेले साथीचे रोग इंका प्रदेशात पसरू लागले. राजा गेला, वारसही गेला. उरलेल्या वास्कार आणि आताव्हाल्पा या दोन भावांत यादवी पेटली. त्या यादवीच्या अखेरीस, नोव्हेंबर १५३२ मध्ये, फ्रान्सिस्को पिसारो मूठभर सैनिकांसह काखामार्का येथे पोहोचला आणि त्याने आताव्हाल्पाला कैद केले. सुटकेसाठी एक दालन सोन्याने आणि दोन दालने चांदीने भरून देण्याचे ठरले. खंडणी वसूल झाली. राजाला मात्र १५३३ मध्ये ठार करण्यात आले. शब्दाला न जागणाऱ्यांशी झालेला तो सौदा होता.

स्पॅनिश सैन्य माचू पिक्चूला पोहोचल्याचा पुरावा नाही. तेथे जाळपोळ झाली नाही, मंदिरे फोडली गेली नाहीत. तरीही नगर ओस पडले आणि याचे कारण त्याच्या अर्थव्यवस्थेत आहे. ही मिळकत स्वतःच्या पायांवर उभी नव्हती. तेथील पायऱ्यांच्या शेतांवर पिकणारे धान्य साऱ्या वस्तीला पुरणारे नव्हते. अन्न, वस्त्र आणि माणसे बाहेरून येत. केंद्रातील सत्ता कोसळताच हा पुरवठा आटला. ज्यांना राजाच्या आज्ञेने तेथे राहावे लागत होते, ते पांगले. मागे उरल्या भिंती आणि जमिनीखालचे ते निचऱ्याचे थर. पुढील चार शतके कोणीही देखभाल केली नाही; रान माजले, छपरे कुजून गेली. भिंती मात्र उभ्या राहिल्या.

शोध कोणाचा?

हायरम बिंगम हे अमेरिकेतील येल विद्यापीठातील इतिहासाचे अध्यापक. इंकांच्या अखेरच्या राजधानीच्या, म्हणजे विल्काबांबाच्या शोधात ते १९११ साली पेरूला आले. २४ जुलै १९११ रोजी, पावसाळी हवेत, मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याने एक सोल मोबदला घेऊन त्यांना वाट दाखवली. पेरूच्या लष्करातील एक सार्जंट सोबत होता. नदीवरील ओंडक्यांचा डुगडुगता पूल ओलांडून, निसरड्या वाटेने चढून ते वर पोहोचले, तेव्हा तेथे रिचार्ते आणि आल्वारेझ ही शेतकरी कुटुंबे राहत होती. इंकांनी बांधलेल्या पायऱ्यांवरच त्यांची शेती चालली होती. करवसुली करणारे आणि सैन्यात भरती करणारे अधिकारी इतक्या उंचावर येत नाहीत, म्हणून त्यांना ही जागा सोयीची वाटत होती. त्यांनी पाहुण्यांना थंड पाणी आणि उकडलेली रताळी दिली. घरातील एका लहान मुलाने पुढे होऊन अवशेष दाखवले.

त्या अवशेषांच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले एक नाव आणि साल बिंगम यांना दिसले : लिसार्रागा, १९०२. आगुस्तीन लिसार्रागा हे त्याच खोऱ्यातील शेतकरी. ते नऊ वर्षे आधी तेथे येऊन गेले होते आणि बिंगम यांनी त्यांचे नाव आपल्या टिपणवहीत नोंदवलेही होते. पुढे १९१३ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाचा एक संपूर्ण अंक या स्थळाला वाहिला गेला आणि कीर्ती बिंगम यांच्या नावे जमा झाली. लिसार्रागा १९१२ मध्येच नदीत बुडून मरण पावले होते.

बिंगम यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. छायाचित्रे, नकाशे, उत्खनन यांच्या साहाय्याने त्यांनी हे स्थळ जगाच्या अभ्यासाचा विषय केले. तथापि, जेथे माणसे राहत होती, नांगरत होती, त्या जागेला ‘हरवलेले’ म्हणणे नोंदीच्या दृष्टीने चूक ठरते. बिंगम यांना हीच ती अखेरची राजधानी वाटत राहिली. पुढे ती राजधानी अरण्यातील एस्पिरितू पाम्पा येथे असल्याचे मान्य झाले. ‘माचू पिक्चू’ हे नावही कदाचित मूळचे नसावे. जुने नकाशे व दस्तऐवज तपासून दोन अभ्यासकांनी अलीकडे दाखवून दिले आहे की, इंका काळात या नगराला बहुधा ‘वायना पिक्चू’ किंवा नुसते ‘पिक्चू’ म्हणत असावेत.

शंभर वर्षांनी परत आलेली ठेव

१९१२ च्या मोहिमेत सापडलेली मातीची भांडी, धातूच्या वस्तू, हाडे आणि दगडी अवजारे अभ्यासासाठी अमेरिकेत येल विद्यापीठाकडे गेली. या वस्तू परत मागण्याचा आपला हक्क पेरूच्या शासनाने परवानगी देतानाच राखून ठेवला होता. पेरूचे म्हणणे असे की, ही अभ्यासापुरती दिलेली ठेव आहे. विद्यापीठाची भूमिका वेगळी होती. पत्रव्यवहार, वाटाघाटी यांत दशके गेली. अखेर २००८ साली पेरूने अमेरिकेतील न्यायालयात दावा दाखल केला. लिमाच्या रस्त्यांवर लोक उतरले. पेरूच्या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना साकडे घातले. नोव्हेंबर २०१० मध्ये समझोता झाला. २०११ च्या मार्चपासून वस्तू परत येऊ लागल्या आणि २०१२ च्या अखेरीस शेवटची खेप कुस्कोला पोहोचली.

आज त्या वस्तू कुस्कोतील ‘कासा कोंचा’ या जुन्या वाड्यातील संग्रहालयात आहेत. कुस्कोचे विद्यापीठ आणि येल विद्यापीठ यांनी त्यासाठी सहकार्य केले. वाद संपल्यावर अभ्यास थांबला नाही. वर उल्लेखिलेली कालमापनाची आणि जनुकीय संशोधने अशाच संयुक्त प्रयत्नांतून पुढे आली. ठेव परत केल्याने नाते तुटत नाही, उलट ते अधिक विश्वासाचे होते, हे पेढी चालवणाऱ्याला ठाऊक असते.

घसारा

पावसाने, भूकंपाने आणि अरण्याने जे केले नाही, ते पाऊलखुणांनी होण्याची चिन्हे आता दिसतात. साधारण वर्षात येथे दहा लाखांहून अधिक लोक येतात. यंत्राचा घसारा दरसाल खातेवहीत लिहिला जातो. दगडाच्या पायरीचा घसारा कोणी लिहीत नाही, म्हणून तो होत नाही असे नव्हे. २००० साली एका बिअरच्या जाहिरातीचे चित्रीकरण चालू असताना यंत्राची धडक बसून ‘इंतिवाताना’ या पवित्र शिळेचा टवका उडाला. साडेपाच शतके अभंग राहिलेली शिळा एका जाहिरातीपायी जखमी झाली.

शासनाने प्रवेशावर मर्यादा घातली आहे. २०२४ पासून दिवसाला ४,५०० आणि गर्दीच्या ठरावीक दिवसांत ५,६०० प्रवासी, असे प्रमाण ठरले. तीन मुख्य फेऱ्या आणि त्यांतील दहा मार्ग आखले गेले. घेतलेल्या तिकिटाचा मार्ग सोडून इतरत्र जाता येत नाही. परंतु या मर्यादेच्या दुसऱ्या बाजूला पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस या गावाचे पोट आहे. तेथील खानावळी, निवासगृहे, वाटाडे, विणकर या सर्वांची चूल प्रवाशांवर पेटते. जानेवारी २०२४ मध्ये तिकीटविक्री एका खासगी कंपनीकडे सोपवण्याच्या निर्णयाविरुद्ध गावकऱ्यांनी बंद पुकारला. रेल्वे थांबली आणि परदेशी पाहुणे अडकून पडले. दुसरीकडे कुस्कोजवळ चिंचेरो येथे मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारला जात आहे. तो पूर्ण झाल्यास ये-जा सोपी होईल आणि गर्दीही वाढेल, या चिंतेने अनेक इतिहासकार व पुरातत्त्वज्ञांनी त्याला विरोध केला आहे. चिंचेरो ही स्वतः पाचाकुतीच्या पुत्राची मिळकत होती, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आजचे उत्पन्न आणि उद्याचे भांडवल यांतील हा जुनाच झगडा आहे. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये, असे आपल्याकडील वडीलधारे सांगत. माचू पिक्चूच्या बाबतीत व्याज किती आणि मुद्दल कोठे सुरू होते, हे ठरवणे सोपे नाही. पण ते ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

जाण्याचा बेत असेल तर

भारतातून पेरूला थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेतून राजधानी लिमाला आणि तेथून सव्वा तासाच्या उड्डाणाने कुस्कोला जावे लागते. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे माचू पिक्चूपेक्षाही जवळजवळ हजार मीटर उंच आहे. विमानातून उतरताच विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. म्हणून वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी कुस्कोतून खाली, उरुबांबा खोऱ्यात ओयांतायताम्बोला मुक्काम हलवावा आणि कुस्को परतीच्या वेळी पाहावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ओयांतायताम्बोच्या डोंगरकड्यावर इंकांची जुनी धान्यकोठारे आजही दिसतात. वाऱ्याच्या झोतात धान्य टिकवण्याची ती युक्ती धान्याच्या व्यापाऱ्यांनी मुद्दाम पाहावी.

ओयांतायताम्बोहून रेल्वेने सुमारे पावणेदोन तासांत आग्वास कालिएंतेस आणि तेथून नागमोडी घाटाने बसने अर्ध्या तासात प्रवेशद्वार. तिकिटे मर्यादित असल्याने काही महिने आधीच अधिकृत व्यवस्थेतून काढावीत. तिकिटावरील नाव पारपत्राशी जुळले पाहिजे आणि मूळ पारपत्र जवळ हवे. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत. आत स्वच्छतागृह नाही आणि एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा प्रवेश नाही. मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम. नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. जानेवारी २०१० मध्ये अतिवृष्टीने लोहमार्ग वाहून गेला आणि हजारो प्रवाशांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते. पायी जाण्याची हौस असणाऱ्यांसाठी सुमारे ४३ किलोमीटरची चार दिवसांची ‘इंका वाट’ आहे. तिची सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे. तेथे हमाल-वाटाड्यांसह दिवसाला पाचशे जणांनाच परवाना मिळतो आणि फेब्रुवारीत ती वाट दुरुस्तीसाठी बंद असते.

आहाराचा प्रश्न आपल्या कुटुंबांना सर्वांत आधी पडतो. अँडीज ही बटाट्याची जन्मभूमी. केचुआ भाषेत त्याला ‘पापा’ म्हणतात आणि तो तेथे जवळजवळ प्रत्येक ताटात असतो. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी हा शब्द पाठच करावा. केवळ ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांस नको’, एवढे सांगणे पुरत नाही; तेथे ‘कार्ने’चा अर्थ पुष्कळदा गोमांसापुरताच घेतला जातो. म्हणून ‘सिन पोयो’ (कोंबडी नको), ‘सिन पेस्कादो’ (मासे नकोत), ‘सिन उएवो’ (अंडे नको) आणि ‘सिन पापा’ असे एकेक सांगावे. भाज्यांच्या सूपलाही कोंबडीचे पाणी वापरलेले असू शकते, तेव्हा विचारून घ्यावे. मका, किन्वा, द्विदल धान्ये, अवोकॅडो आणि नाना फळे मात्र विपुल मिळतात. सोबत खाखरा, मेतकूट, भाजलेले पीठ असले की चिंता उरत नाही.

पेरूहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र विचारले जाते. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. उंचीच्या त्रासावर तेथे कोकाच्या पानांचा चहा देतात. ती पाने भारतात आणणे मात्र कायद्याने गुन्हा आहे. व्हिसाचे नियम बदलत असल्याने दूतावासाकडे खात्री करून घ्यावी.

एक दिवस, एक प्रवासी

२०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे माचू पिक्चूचे दरवाजे बंद झाले. त्याच सुमारास एक जपानी तरुण ते पाहण्यासाठी पायथ्याच्या गावी येऊन पोहोचला होता. विमाने थांबली आणि तो तेथेच अडकला. सात महिने तो त्या गावात राहिला आणि गावातल्या मुलांना मुष्टियुद्धाचे धडे देत राहिला. ऑक्टोबरमध्ये शासनाने केवळ त्याच्यासाठी एका दिवसापुरते दार उघडले. एरवी जेथे दिवसाला हजारो पावले वाजतात, तेथे त्या दिवशी तो एकटाच प्रवासी होता.

सात महिने थांबून मिळालेले ते दर्शन आणि दोन तासांत छायाचित्रे काढून परतण्याची घाई, यांत बरेच अंतर आहे. प्रत्येकाला सात महिने थांबता येणार नाही. ठरलेल्या मार्गानेच चालावे, भिंतीला टेकू नये, दगडावर चढून छायाचित्र काढू नये, प्लास्टिक मागे टाकू नये आणि कोणी वाटाड्या जमिनीखालचे दगडांचे थर दाखवू लागला तर थोडे थांबून ऐकावे, एवढे मात्र कोणालाही जमण्यासारखे आहे. पाचाकुतीच्या सेवकांनी जे जमिनीत पुरले, त्याच्या आधारावर हे नगर आजवर उभे आहे. पुढच्या पिढीला ते तसेच सोपवणे आजच्या प्रवाशांच्या हाती आहे.